नाकावरचा पदर

घंटागाडी गल्लीत शिरली की आमच्याकडच्या सगळ्या बायका एकदम पदर नाकाला लावतात. कुणी ओढणी लावते, कुणी नुसता तळहात. मीही लावते. फक्त मला थोडा उशीर होतो, कारण आधी इतर जणींनी लावला का ते बघावं लागतं. गेली पाच वर्षं रोज सकाळी कचऱ्याची बादली हातात धरून मी चार बायकांच्या नाकांकडे बघत उभी असते. त्यांची नाकं आक्रसतात, शेजारच्या मंगलच्या कपाळाला आठ्या पडतात, कुणीतरी "शी!" म्हणतं, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. कचऱ्याच्या वासासाठी झुरणारी बाई अख्ख्या केडगावात माझ्याशिवाय दुसरी नसेल.

आता तर कुरडयांचे दिवस आलेत, म्हणजे माझ्या परीक्षेचे दिवस. उन्हं तापायला लागली की आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, पाच घरांचा मिळून गव्हाचा एक मोठा टोप भिजतो. रोज सकाळी पाणी बदलायचं आणि तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी गहू वाटून चीक काढायचा. तिसरा की चौथा, इथंच सगळी गोम आहे. दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध येतं, ते कुणालाही कळतं. पण गहू हवा तेवढाच आंबलाय की आंबून पुढं गेलाय, हे बोटांना कळत नाही, ते नाकालाच कळतं. घाई केली तर कुरडई फुलत नाही, उशीर झाला तर तळताना लाल पडते आणि आंबट लागते. नगरच्या उन्हात हा फरक एका दुपारचा असतो.

आणि या इमारतीत ते नाक माझं. पारनेरला माहेरी आईनं मला टोपावर वाकायला शिकवलं होतं. आधी लांबून, मग जवळून, मग डोळे मिटून. पुढं शाळेत शिकवताना चौथीच्या वर्गात कुणाच्या डब्यात काय आहे ते मी फळ्याकडे तोंड करून सांगायची, पोरं चकित व्हायची. निवृत्त झाले, इथं राहायला आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात बायकांना माझ्या नाकाचा शोध लागला. तेव्हापासून गच्चीवरून हाक येते, "बाई, झाला का बघा!" निवृत्त शिक्षिकेला याहून मोठा मान कोण देतं? मी पदर खोचून वर जायची, टोपावर वाकायची, सगळ्या जणी माझ्या तोंडाकडे बघत गप्प उभ्या राहायच्या. मी मुद्दाम जरा वेळ लावायची.

कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात आमच्या गच्चीवर कुरडया झाल्याच नाहीत. गल्ली ओस पडली होती, दारं बंद होती, आणि मी व तळमजल्यावरची शबाना एकाच आठवड्यात आजारी पडून एकाच मंगल कार्यालयात जाऊन पडलो होतो. लग्नाचा हॉल, त्यात ओळीनं खाटा. नवरा-नवरीच्या स्टेजवर औषधांचं टेबल. शबाना ब्लाउज शिवते, माहेर तिचं बेलापूरचं, माझ्यापेक्षा सतरा-अठरा वर्षांनी लहान. तिची खाट माझ्या शेजारी. माझं दुखणं तसं हलकं होतं, ताप आणि अंगदुखी. तिचा ऑक्सिजन मात्र खाली खाली जात होता. तिला पालथी झोपवून ठेवायचे. डुलकी लागली की ती कुशीवर वळायची आणि नर्स मला म्हणायची, "बाई, तुम्ही बघा हो जरा हिच्याकडे." मग मी तिला पाढे म्हणायला लावायची. दुसरं मला येतं काय? एकोणतीसचा पाढा तिला कधीच आला नव्हता, तो मी तिथं तिच्याकडून पाठ करून घेतला. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. पालथी पडून, उशीत तोंड खुपसून, मध्ये मध्ये श्वास घेत ती म्हणायची.

वास तेव्हा दोघींचाही गेला होता. आणि एका दुपारी डबा उघडल्या उघडल्या शबाना ओरडली, "बाई! हिंग आला ओ, हिंग! वरनात हिंग हाय!" आजूबाजूच्या खाटांवरचे लोकही हसले. मी माझा डबा उघडला. नाक आत घातलं, वरण नाकाला लागलं. काही नाही.

"तुमचा पन येईल, बाई. आज न्हाई तर उद्या," ती म्हणाली.

मी "हो गं" म्हटलं. पण खरं सांगते, मत्सर म्हणतात तो मला त्या दिवशी कळला. आयुष्यभर मी पोरांना शिकवत आले की दुसऱ्याच्या आनंदात आनंद मानावा, आणि इथं वरणातल्या हिंगावरून माझ्या पोटात दुखायला लागलं.

दोघींना एकाच दिवशी घरी सोडलं. दारात टाळ्या वाजवल्या, अंगावर झेंडूच्या पाकळ्या टाकल्या, हातात एक कागद दिला. त्यावर आम्ही बऱ्या झालो असं लिहिलं होतं. लोकांनी तो कागद खरा मानला. मीही मानला, दोन महिने.

नंतर वास आला तो भलताच. कोथिंबीर गटारासारखी, कॉफी जळक्या रबरासारखी. मी रडले, पण निदान काहीतरी येतंय असंही वाटायचं. मग एक दिवस तेही गेलं. आता त्या गटाराचीसुद्धा आठवण येते. दूध करपतं, मला कळत नाही. एकदा गॅस चालू राहिला आणि हे भाजी घेऊन दारात आले म्हणून कळलं. तेव्हापासून बाहेरून आले की हे उंबरठ्यात थांबून नाकानं दोनदा हवा ओढतात, मग चपला काढतात. काळजीनं करतात बिचारे. मला मात्र त्या दोन श्वासांचा भयंकर राग येतो. किती सहज ओढतात!

मुलीला मुलगी झाली तेव्हा पुण्याला गेले. तिनं बाळाच्या टाळूला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "आई, किती गोड वास येतो ना गं?" मीही नाक टेकवलं. ऊब होती, मऊ जावळ होतं, आत टुकटुक चालली होती. वास नव्हता. "हो गं, फार गोड," मी म्हणाले, आणि माझ्या पोटच्या मुलीचा मला हेवा वाटला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सांगून उपयोग तरी काय? पहिली दोन वर्षं सांगत होते. डॉक्टर कागद चाळून म्हणाले, "रिपोर्ट छान आहेत काकू, वासच ना?" मंगल म्हणाली, "अजून? ते कोविड तर कधीच गेलं की!" हे म्हणाले, "जीव वाचला, हे काय कमी आहे?" जीव वाचला, कबूल. पण प्रत्येक तक्रारीच्या तोंडावर जीव वाचल्याचं झाकण ठेवलं की माणसानं बोलायचं काय? आणि तो 'अजून?' मला फार लागायचा. जणू मीच हट्टानं ते दुखणं धरून बसलेय, जग सोडून पुढं गेलं आणि मी वर्गात मागं राहिलेली मुलगी.

लोक विसरले ते कसे, याचंच मला नवल वाटतं. मागच्या वर्षी त्याच मंगल कार्यालयात एका लग्नाला गेले. माझी खाट होती तिथं पाणीपुरीचा स्टॉल होता. शेजारच्या टेबलावर चार जण लॉकडाऊनच्या आठवणी काढून खिदळत होते, कुणी घरी केक करायला शिकलं, कुणी रोज पत्ते कुटले. "काय मजा होती राव तेव्हा!" एक जण म्हणाला. मला त्याच्या केकचा हेवा वाटला नाही, त्याच्या विसरण्याचा वाटला.

आणि मंगलच्या प्लास्टरचा! बाथरूममध्ये घसरून तिचा पाय मोडला, सहा आठवडे प्लास्टर होतं. रोज कुणी ना कुणी भेटायला. शहाळी, मोसंबी, "आता कसं वाटतंय?" तिच्या त्या पांढऱ्या पायाकडे बघत मी मनात म्हणायची, माझ्याही नाकाला कुणीतरी प्लास्टर घाला रे. दिसलं की विचारतील तरी.

पण या सगळ्यांच्या वरताण हेवा मी केला तो शबानाचा. दोघी एकाच वाटेनं आत गेलो, एकाच दारानं बाहेर आलो. तिला हिंग मिळाला, मला नाही. मिरची कांडून आणायला आम्ही बरोबर जायचो. तिथं कुठला मसाला कुटतायत ते तिला दारातूनच वासानं कळायचं, आणि मी शेजारी नुसती डोळे पुसत उभी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या तिला बघून. तिनं शिलाई मशीनला मोटर बसवली, तेव्हाही मी यांना म्हटलं, "बघा, काम वाढलंय तिचं. आजारातून उठून माणसं कुठल्या कुठं गेली." मग तिनं आमच्या दारावरून वर जाणाऱ्या जिन्याच्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची आणून टाकली आणि तिथं बसून फोनवर बोलायला लागली. "हां… हां… बोल की… मग?" पाच-पाच, दहा-दहा मिनिटं. मी दाराआडून ऐकायची. किती माणसं आहेत हिला बोलायला, असं वाटायचं.

मुख्य म्हणजे ती माझ्या गव्हात नाक खुपसायला लागली होती. आजारानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात "बाई, झाला का बघा" अशी हाक आली, आणि मी गेले. नाही म्हणायला हवं होतं. पण सगळं गेलं होतं, ती हाक तेवढी राहिली होती, ती सोडवेना. टोपावर वाकले, डोळे मिटले, नेहमीइतका वेळ लावला आणि "अजून एक दिवस" म्हणाले. संध्याकाळी बघते तर बायका चीक गाळतायत! मंगल म्हणाली, "तुम्हीच निरोप दिलात ना बाई, आजच काढा म्हणून?" मी घरी येऊन डोकं धरून बसले. त्या आजारानं नाकाबरोबर स्मरणशक्तीही नेली, असंच मला वाटलं. कुरडया मात्र त्या वर्षी पांढऱ्याशुभ्र झाल्या, आणि नाव माझं झालं.

पुढच्या वर्षापासून शबानाचं सुरू झालं. मी वर निघाले की ती वळणावर खुर्चीत असायचीच. फोन जरा बाजूला करून म्हणायची, "बाई, आज झालाय वाटतं, तुमी बघा." नाहीतर, "आज न्हाई वाटतं बाई, उद्या बघा." माझा असा संताप व्हायचा! कालची पोर मला सांगणार! तिला माझी जागा हवीय, असंच मी धरून चालले. मी नाक वर करून वर जायची, वाकायची, आणि तिनं सांगितलं तेच चार बायकांसमोर जाहीर करायची. आपण तिच्याच तोंडचं बोलतोय हे मी स्वतःला कधी कळू दिलं नाही.

आज गव्हाचा तिसरा दिवस. दहाच्या सुमाराला मंगलची हाक आली, मी पदर खोचला आणि निघाले. वळणावर शबाना होती. "हां… हां… बोल की…" चाललं होतं. मी तिच्या बाजूनं पुढं सरकले, आणि तिच्या कानाला लावलेला तो फोन वाजला.

चांगला खणखणीत वाजला. कानाशीच. ती दचकली, फोन खाली पडता पडता सावरला, कुणा गिऱ्हाइकाचा होता तो तिनं कापला. मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा नीट दिसला. कपाळावर घाम, ओठ उघडे, गळ्याच्या खळगीतली कातडी आत-बाहेर होत होती.

"कुणाशी बोलत होतीस गं?" मी विचारलं.

"कुनाशीच न्हाई, बाई." तिनं थोडा श्वास गोळा केला. "धा पायऱ्या झाल्या की दम लागतो. बसावंच लागतं. नुसतं बसलं की येनारं-जानारं इचारतं, काय झालं? सांगितलं की म्हनत्यात, अजून? मग फोन धरते कानाला. फोनवालीला कोन काय इचारत न्हाई."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. घंटागाडीपाशी मी पदर धरते, ही जिन्यात फोन धरते.

"आणि मोटर?"

"पायानं मशीन चालत न्हाई आता. एक ब्लाउज झालं की छातीत भाता चालतो."

आता मलाही गप्प बसवेना. "शबाना, मला वास येत नाही," मी म्हणाले. "तेव्हापासून. अजिबात."

"म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"पयल्याच वर्साला कळलं. गहू पुरता आंबला हुता, वाशानं डोकं फिरत हुतं, आन् तुमी वाकून म्हनला, अजून एक दिवस. म्या म्हनलं, गेलं की हो बाईंचं नाक. मग तुमी खाली गेल्यावर मंगलताईला सांगितलं, बाईंचा निरोप हाय, आजच काढा."

म्हणजे माझी स्मरणशक्ती शाबूत होती. "आणि नंतर दरवर्षी?"

"तुमच्या आदी वर जाऊन वास घेऊन येते. मंग हितं बसते."

तिचे कपडे खालच्या अंगणात वाळतात. गच्चीवर तिचं दुसरं काही कामच नसतं, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. ही खुर्चीसुद्धा तिनं त्यासाठीच आणून टाकली होती.

"चढतेस कशी पण एवढं?"

"एकोनतीसचा पाढा म्हनत," ती हसली. "चार पायऱ्या, मंग थांबायचं. चार पायऱ्या, मंग थांबायचं. त्रिकाला तुमचं दार येतं."

मला तिच्याकडे बघवेना. "अगं, मग मला सांगायचंस ना, तुला एवढा त्रास होतोय ते!"

"तुमी तरी कुठं इचारलं, बाई?"

टोमणा नव्हता तो. गव्हाला पाणी बदललं का, असं विचारावं तसं ती बोलली. पण मला न विचारणाऱ्यांची एक यादी मी पाच वर्षं मनात सांभाळली होती. डॉक्टर, मंगल, हे, लग्नातले ते केकवाले. रोज त्या यादीवरून बोट फिरवायची. शेजारच्या खाटेवर जिला श्वासासाठी पालथी पडलेली मी डोळ्यांनी पाहिलं, तिला मी एकदाही विचारलं नव्हतं, "तुझी छाती आता कशी आहे गं?" तिला हिंगाचा वास आला म्हणजे ती बरी झाली, असं मीच ठरवलं होतं आणि मोकळी झाले होते. नुसती मोकळी नाही, वर तिच्यावर जळत बसले होते.

"बाई! येताय ना? झाला का बघा!" वरून मंगलची हाक.

मी वर गेले. टोपाभोवती तिघी-चौघी उभ्या होत्या, त्यांनी मला वाट दिली. सवयीनं वाकले. पाण्यावर बारीक बुडबुडे होते, टाकीची सावली हलत होती. मग सरळ उभी राहिले.

"मंगल, मला वास येत नाही. त्या आजारात गेला तो गेलाच. इतकी वर्षं मी नुसती वाकत होते."

मंगलनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! अजून?" आणि पुढच्याच श्वासाला, "मग आता गव्हाचं कोण बघणार?"

एरवी हे मला झोंबलं असतं. आज तक्रार करायला मला तोंड नव्हतं. "शबाना बघेल," मी म्हटलं. "पण तिला वर चढायला लावायचं नाही. तिलाही त्रास आहे." कुणीतरी विचारलं, कसला त्रास, आणि मी म्हणाले, "तिलाच विचारा." मंगलनं मान डोलावली आणि सोऱ्या धुतला का याची चौकशी सुरू केली. कोण विचारील, मला शंका आहे.

मी टोपातून वाटीभर गहू घेतला आणि वळणावर आणून शबानाच्या हातात दिला. ती वाकली. आधी लांबून, मग जवळून. डोळेही मिटले तिनं. मी इतकी वर्षं समोर करत आले ते बघून शिकली असणार. मग तिचं नाक आक्रसलं, नाकाच्या मुळाशी एक बारीक आठी पडली. "झालाय. दुपारपर्यंत ठेवू नका, उतरंल. आत्ताच काढा."

ती आठी मी बघत राहिले. सगळं कळल्यावर तरी मत्सर जाईल असं वाटलं होतं. गेला नाही. एवढा आंबट, एवढा कुबट वास तिला येत होता आणि मला तो हवा होता.

वाटी घेऊन मी परत वर निघाले. माझी छाती धड आहे. या वयातही वळणापासून गच्चीपर्यंतच्या पायऱ्या मी न थांबता चढते, त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंही नाही. चार-पाच चढले असेन, आणि सहज मागं वळून पाहिलं. शबाना फोन मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे. एक पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं.

ती नजर मला लगेच ओळखता आली. रोज सकाळी घंटागाडीपाशी मी तशीच बघते.

मी कठडा धरला, जरा थांबले, आणि उरलेल्या पायऱ्या हळूहळू चढले.